चौथ्या दिवसाची खुर्ची

अमीरपेट, हैदराबाद
८ जानेवारी २०००

पिन्नी,

पोचले. हॉस्टेल बरं आहे. खोलीत आम्ही चौघी आणि खिडकी एक. ती मल्लेश्वरीच्या वाट्याला आली आहे, कारण ती खम्मम्‌हून आमच्या सहा महिने आधी आली. जेवणात रोज टोमॅटो पप्पू, तेच ते पातळ वरण. गोंगुराचं लोणचं तू दिलंस म्हणून घास उतरतो, नाहीतर कठीण होतं.

बूथवरून फोन करणार होते. पण तीस वर्षं चौदा टाइपरायटरांच्या खडखडाटात बसून तुझे कान असे झालेत की मी इथून ओरडायचं आणि तू तिथून "कोण, गॅसवाला का?" म्हणायचं. त्यापेक्षा पत्र बरं.

निघताना स्टेशनवर तू बोललीस ते सगळं पाठ आहे. टाइपिंग शिकायला आता कुणी येत नाही. कंप्युटर शिकवला तरच बाबाईंनी बायकोच्या, म्हणजे तुझ्या नावाने उघडलेली इन्स्टिट्यूट चालेल. उगादीच्या पाडव्यापर्यंत काही ठरलं नाही, तर घरमालक कोटय्या गारू इन्स्टिट्यूटचा हॉल केबलवाल्याला देणार, आणि तू गुंटूरला धाकट्या दिराच्या घरी जाणार, मागच्या खोलीत. त्यांच्या वेळेला त्यांना कॉफी करून देत बसलेली तू माझ्या डोळ्यांसमोर येतच नाहीस. म्हणून मी सी भाषेच्या पुढची एखादी चांगली भाषा निवडायची, शिकायची आणि उन्हाळ्यात येऊन शिकवायची.

भाचीला सी येते असं तू सगळ्या तेनालीत सांगतेस. बी.एस्सी.ला होती आणि मी पास झाले, एवढं खरं आहे.

इथे भाषा अंगावर येतात. भिंत दिसत नाही, नुसते कागद चिकटवलेले: कोबोल, ओरॅकल, व्हिज्युअल बेसिक, जावा. रीत अशी आहे की पहिले तीन दिवस डेमो, म्हणजे फुकट बसा आणि ऐका. सर आवडले तर चौथ्या दिवशी फी भरून नाव घालायचं. तू दिलेलं फीचं पाकीट ट्रंकेत जपून ठेवलं आहे. उद्या सकाळी सातला कोबोलचा डेमो.

तुझी
रामतुलसी


मॉरिसपेट, तेनाली
१७ जानेवारी

तुलसम्मा,

पत्र मिळालं. दोन ठिकाणी काना राहिला आहे आणि एका ओळीत खाडाखोड. परीक्षेत सहा मार्क गेले असते.

संक्रांत झाली. तुझ्या आईने गुळाचे अरिसेलु पाठवले होते, दातांची परीक्षा पाहणारे. अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, पण गूळ अजून पाकाच्या पुढे नेते.

भाषा निवडताना घाई करू नकोस. पण उशीरही करू नकोस. पेंटर वीरभद्रम् पाटी रंगवून गेला. "श्री विशालाक्षी टाइप आणि" इथपर्यंत झाली आहे, पुढे हातभर जागा सोडली आहे, आणि शेवटी "शिक्षण केंद्र". त्या जागेत तू ठरवशील त्या भाषेचं नाव यायचं. तो रोज इथूनच जातो आणि रोज मान वर करून विचारतो, "अम्मा, काय लिहू?" मी म्हणते, हैदराबादहून कळेल.

वहीत जे लिहून घेशील त्याची एक नक्कल मला पाठवत जा. मला कळणार नाही, पण अक्षर तरी बघता येईल.

पिन्नी


अमीरपेट
६ फेब्रुवारी

पिन्नी,

कोबोल झालं. तुझं पत्र आल्यावर लगेच त्याची वही पाठवली होती, मिळालीच असेल.

मल्लेश्वरी म्हणते, कोबोलच्या मागे लागू नकोस. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे जुने कंप्युटर बंद पडणार म्हणून दोन वर्षं इथे कोबोलवाल्यांची चांदी होती. साल उजाडलं, काही बंद पडलं नाही. आता कोबोलचे सर सकाळी कोबोल शिकवतात आणि संध्याकाळी टोपी घालून दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जावा शिकतात. तिने स्वतः पाहिलं आहे.

मग व्हिज्युअल बेसिक बघितलं. ते सर म्हणाले, "अहो, टाइप कशाला करता? बटण उचला, ठेवा, झाला प्रोग्राम. बाकीच्या भाषा दोन वर्षांत मरणार." मला पटलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ओरॅकल. ते सर म्हणाले, "बटणं दाबून काय मिळणार? माहिती कुठे ठेवणार, डोक्यात? शेवटी सगळ्यांना ओरॅकलच्याच दारात यायचं आहे." तेही पटलं. दोन्ही वह्या सोबत आहेत.

सकाळी सातच्या वर्गाला दोनशे माणसं असतात. मी खिडकीपाशी उभी राहून लिहून घेते. खुर्ची मिळायला पहाटे पाचला जावं लागतं, आणि तेव्हा हॉस्टेलचं फाटक बंद असतं.

उद्यापासून जावा.

रामतुलसी


तेनाली
१४ फेब्रुवारी

तुलसम्मा,

एका महिन्यात तीन भाषा, आणि आता चौथी. मी पत्र तीनदा वाचलं. तुझ्या बाबाईंना इंग्रजी टाइपिंगची लोअर परीक्षा पास व्हायला दोन वर्षं लागली होती, आणि ते आमच्या घराण्यातले हुशार.

हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण बँकेतली शेषुकुमारी आली होती, आपल्याच इथे शिकलेली, तिला सांगितलं. तिने पोस्टात सांगितलं. परवा कोटय्या गारू स्वतः जिना चढून वर आले. म्हणाले, "विशालाक्षम्मा, तुमची भाची चार भाषा शिकली म्हणे. माझा जावई अमेरिकेत आहे, त्याला दोनच येतात." मग चहा पिऊन म्हणाले की उगादीपर्यंत केबलवाल्याला ते काही शब्द देणार नाहीत. तुझ्या नावावर एवढं मिळालं.

आता तू म्हणशील ती भाषा. गुंटूरचा कंप्युटरवाला विचारतो आहे, मशीनमध्ये काय घालून देऊ. वीरभद्रम् विचारतो आहे, पाटीवर काय लिहू. मी दोघांना थांबवलं आहे. भाषा ठरेपर्यंत एकही विद्यार्थी घेणार नाही असं मी ठरवलं आहे, तेव्हा तू निश्चिंत राहा.

वह्या येऊ देत. अक्षर सुधारलं आहे.

पिन्नी


अमीरपेट
५ मार्च

पिन्नी,

जावाची वही पाठवली आहे. मग सी प्लस प्लसचा डेमो केला, तीही वही आहे. उन्हाळा लागला. हॉस्टेलच्या टाकीतलं पाणी सकाळी आठला संपतं, म्हणून सातचा वर्ग असला तर आंघोळ संध्याकाळी.

शेषुकुमारीला तू चार भाषांचं सांगायला नको होतंस. सांगितलंस ते सांगितलंस.

एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही, मल्लेश्वरीसाठी. तिला ठरवताच येत नाही कोणती भाषा शिकावी. एका सरांचं ऐकलं की वाटतं हीच. दुसऱ्यांचं ऐकलं की वाटतं, बरं झालं पहिल्यांकडे फी भरली नाही, फसलो असतो. आणि चुकीची निवडली तर नुसता तिचा वेळ जाणार नाही, घरी एक माणूस तिच्यावर सगळं टाकून बसलं आहे, त्याचं काय होणार, अशी तिला धास्ती. रात्रंदिवस तेच डोक्यात. अशा मुलीने काय करावं?

रामतुलसी


तेनाली
१२ मार्च

तुलसम्मा,

मल्लेश्वरीचं वाचून वाईट वाटलं. बिचारीला सांग की हा रोग जुना आहे.

आपल्याकडे चौदा मशिनं. नवीन मुलगी आली की पहिल्या आठवड्यात भांडण मशीनवरूनच. खिडकीजवळचं हलकं चालतं, तीन नंबरचं जड आहे, सात नंबरची फीत अडकते. एक मुलगी होती, सुब्बलक्ष्मी, ती रोज वेगळ्या मशीनवर बसायची, उत्तम कुठलं ते शोधायला. दोन महिन्यांनी तिला चौदाही मशिनांचे दोष तोंडपाठ होते, आणि टाइपिंग येत नव्हतं. तुझे बाबाई तिला म्हणाले होते, "अम्मा, मशीन निवडण्यात गेलेला तास टाइपिंगच्या तासात धरत नाहीत." एक ना धड, भाराभर चिंध्या.

मल्लेश्वरीला एवढंच विचार, की तिच्या वह्या किती पानांच्या आहेत.

उगादीला चोवीस दिवस आहेत. कोटय्या गारू परवा जिन्यात भेटले तेव्हा नुसतेच हसले.

पिन्नी


अमीरपेट
२० मार्च

पिन्नी,

मल्लेश्वरीने तुझं पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "माझ्या नावावर बरंच खपवलंस की. आता खरं लिही, नाहीतर मी लिहीन. मला पत्ता पाठ आहे."

तर खरं असं आहे की मला एकही भाषा येत नाही.

मी नुसते डेमो केले. कोबोल तीन दिवस, ओरॅकल तीन दिवस, जावा तीन दिवस, दर वेळी वेगळे सर. तिसऱ्या दिवशी सर विचारतात, उद्या नाव कोण घालणार? दोनशे हात वर होतात. माझाही होतो. मग मी हॉस्टेलवर येते, ट्रंक उघडते, पाकीट हातात घेते आणि वाटतं, ही चुकीची असली तर? पाटीवर तेच नाव लागणार, हॉल त्याच नावावर राहणार किंवा जाणार. मग पाकीट परत साडीखाली ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर दुसरा डेमो असतोच. फुकट असतो, आणि तिथे पहिला दिवस असतो. पहिल्या दिवशी मी कुणाच्याही मागे नसते.

मला प्रत्येक भाषेत पडद्यावर स्वतःचं नाव उमटवता येतं. दोन आकड्यांची बेरीज करता येते. आकडा मोठा असेल तर हे कर, लहान असेल तर ते कर, एवढं सांगता येतं. तिथे तिसरा दिवस संपतो. पुढे काय असतं ते मला कुठल्याच भाषेत माहीत नाही. सी तर मी उत्तरं घोकून पास झाले होते, हे तुला सांगायचं धैर्य तेव्हाच झालं नाही.

पाकीट जसंच्या तसं आहे. तू रागावलीस तरी चालेल. उगादीला येते, कोटय्या गारूंना मीच सांगेन, आणि गुंटूरला सामान लावायला तुझ्याबरोबर येईन. मला माफ कर म्हणायलाही लाज वाटते.

रामतुलसी


तेनाली
२३ मार्च

वेडे,

सामान कसलं लावतेस? बस खाली आणि वाच.

फेब्रुवारीतच मला कळलं होतं. तीस वर्षं परीक्षांचे कागद तपासले आहेत मी. तू प्रत्येक पानावर तारीख घालतेस, शाळेपासूनची सवय. प्रत्येक वहीत तीनच तारखा, आणि प्रत्येक वही "जर" वरच संपलेली. मला भाषा कळत नाही, पण अर्धी सोडलेली उत्तरपत्रिका कळते. म्हटलं, स्वतःहून सांगेल. मल्लेश्वरीचं पत्र आलं तेव्हा हसू आलं, आणि नंतर रडूही आलं, कारण ते घरी सगळं टाकून बसलेलं माणूस मीच होते ना. एवढं ओझं तुझ्यावर टाकताना मला कळायला हवं होतं.

आता माझं ऐक. विद्यार्थी घेतले नाहीत असं मी लिहिलं ते खोटं. जानेवारी संपायच्या आतच अकरा मुली घेतल्या. कंप्युटर नव्हता, पण तुझी वही होती आणि चौदा मशिनं होती. म्हटलं, कंप्युटर येईपर्यंत प्रोग्राम टाइप तरी करू देत, बिनचूक. महिरपी कंस आपल्या मशिनांवर नाही, म्हणून मुली तेवढी जागा सोडतात आणि मग लाल शाईने हाताने काढतात. त्यांतल्या मुनेम्माची तन्मयता बघशील तर रांगोळी काढते आहे असं वाटेल. दर पंधरा दिवसांनी तुझी नवी वही आली की आम्ही नवी भाषा सुरू करायचो. मुलींना वाटलं असंच शिकतात. बरोबर की चूक ते सांगणारं इथे कुणी नाही. टाइपरायटर बिचारा काहीही निमूट छापतो.

तर मुनेम्मा परवा सगळे कागद घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या पाचही भाषा पहिल्या तीन दिवसांत तेच बोलतात. नाव लिहा, बेरीज करा, जर-तर. नुसता वेश वेगळा. तुलसीअक्का चौथ्या दिवशी कुठे जाते?" दहावीत गणितात दोनदा नापास झालेली मुलगी आहे ती. मी म्हटलं, उत्तर तुझ्या अक्काकडूनच मागवते.

तू दे. भाषा कोणती ते मी विचारत नाही. सोमवारी सकाळी अमीरपेटमध्ये ज्या भाषेचा डेमो असेल, तिच्या चौथ्या दिवशी तू आत बसलेली असायला हवीस. चुकीची निघाली तर निघू दे. माझ्या मुली पाच भाषांत सुरुवात करून बसल्या आहेत, त्यांना एकीत पुढे गेलं तरी पुष्कळ आहे. आणि हॉल गेला तर गेला. दिराच्या घरची कॉफी मला करता येते. पण त्या मागच्या खोलीत बसून, तू आयुष्यभर पहिल्याच दिवसांत राहिलीस हे बघणं मला जमणार नाही.

पाकीट उघड.

पिन्नी

ता.क. पत्रात एकही चूक नव्हती. खरं लिहिताना तुझा हात स्थिर असतो.


अमीरपेट
३० मार्च, गुरुवार

पिन्नी,

आज चौथा दिवस होता.

सोमवारी जावा निघाली. पानकालराव सरांची, ज्यांचा डेमो मी फेब्रुवारीतही केला होता. तीन दिवस खिडकीपाशी उभी राहिले, सगळं माहीत असलेलंच. काल संध्याकाळी पाकीट उघडलं आणि खाली ऑफिसात जाऊन नाव घातलं. पावती घेताना मल्लेश्वरी मागे उभी होती, पळायला जागा नव्हती.

सकाळी पावणेसातला गेले. नेहमीप्रमाणे खिडकीकडे गेले, वही काढली. सर आत आले, फळा पुसला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एम्मा, तू मागच्या बॅचलाही तिथेच होतीस ना? त्याच्या आधी शेजारच्या इमारतीत ओरॅकललाही. मी तिकडे चहाला जातो तेव्हा बघायचो." सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं आता घालवून देतात. मी पावती पुढे केली. ते म्हणाले, "पावती कुणी मागितली? उभी का आहेस एवढंच विचारतोय. मागे बघ."

मी मागे बघितलं. पिन्नी, हॉल अर्धा रिकामा होता. दोनशे माणसांतली सत्तर आली होती. बाकीची कुठल्यातरी दुसऱ्या डेमोला गेली असणार. चौथ्या दिवशी खुर्च्या मोकळ्या असतात. तीन महिने मी ह्या गावात शिकते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. मी दुसऱ्या रांगेत बसले. पाय दुखत होते हे बसल्यावर कळलं.

मुनेम्माला सांग, चौथ्या दिवशी काय असतं. एकच काम मशीनला पुन्हा पुन्हा करायला लावायचं, आणि कधी थांबायचं ते आधीच सांगून ठेवायचं. एवढंच. मला दोनदा कळलं नाही. तिसऱ्यांदा हात वर करून विचारलं, आणि सरांनी पुन्हा सांगितलं. रागावले नाहीत. माझ्यामागच्या एका मोठ्या माणसाने हळूच म्हटलं, "बरं झालं विचारलंत, मलाही कळलं नव्हतं."

वही सोबत आहे. चार तारखा आहेत, मोजून घे.

सहा दिवसांवर उगादी. येऊ शकत नाही, कारण सुट्टी एकाच दिवसाची आहे आणि वर्ग बुडवायचा नाही. कोटय्या गारूंना काय सांगायचं ते तू ठरव. मला आज खूप हलकं वाटतं आहे. संध्याकाळी आम्ही दोघींनी मिरची भजी खाल्ली आणि खिडकी मल्लेश्वरीने एक दिवस मला दिली.

तुझी
तुलसी


तेनाली
६ एप्रिल

तुलसम्मा,

तारखा मोजल्या. चार.

उगादीला सकाळी कंप्युटर आला, जावा घालून. दहा वाजता कोटय्या गारू जिना चढून वर आले. मी उगादीच्या कडू-गोड पच्चडीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि सगळं खरं सांगितलं: भाचीला चार भाषा येत नाहीत, एक येते, तीही चौथ्या दिवसापर्यंत, मला एकही येत नाही, ह्या अकरा मुली आहेत. ते कडुनिंबाचं फूल चावत कंप्युटरपाशी जाऊन बसले.

तेवढ्यात मुनेम्माने तुझ्या वहीतलं बघून टाइप केलं. तिची करंगळी अर्धविरामावर आपोआप जाते, टाइपिंगच्या पहिल्या धड्यापासून तिची जागाच ती आहे. पहिल्या खेपेला मशीनने चूक दाखवली. सगळ्या मुलींना आनंद झाला, कारण दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी चूक सांगत होतं. दुसऱ्या खेपेला चालला. पडद्यावर आपल्या पहिल्या धड्याची ओळ आली, ए एस डी एफ, एकाखाली एक दहा वेळा, आणि दहाव्याला थांबली. तीस वर्षं मुलींकडून ही ओळ दहादा लिहून घेते आहे मी. कुणी नवव्याला थांबतं, कुणी अकरा लिहितं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कोटय्या गारूंनी विचारलं, "पाचवा दिवस कधी येणार?" मी म्हटलं, टपालाने, आठवड्याला. ते म्हणाले, "मग केबलवाल्याला नाही म्हणून सांगतो. आणि माझ्या धाकट्या सुनेला बारावी जागा ठेवा, ती घरी बसून सगळ्यांना काम सांगते, ते मशीनला सांगू दे."

दुपारी वीरभद्रम् शिडी घेऊन आला. "अम्मा, काय लिहू?" मी त्याला ती हातभर जागा काळ्या रंगाने भरून घ्यायला लावली. तो म्हणाला, "एवढे दिवस थांबवून नुसता काळा?" रंग वाळल्यावर शिडीवर मी स्वतः चढले, खाली मुलींनी शिडी धरली होती, आणि खडूने लिहिलं: जावा.

पुढची भाषा येईल तेव्हा पुसता येईल. घाई नाही. आधी पाचवा दिवस पाठव.

पिन्नी